मदत हवी: वडील आयसीयूत आहेत, रोज एकेक औषध काढतायत. हे चांगलं की वाईट?

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. बाबा (वय ६८) गेल्या गुरुवारपासून बेळगावात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहेत. भाताची लावण चालू होती, लघवीला जळजळ आणि थंडीताप होता, पण 'शेवटचा वाफा होऊ दे' म्हणत दोन दिवस गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागले, बीपी ८० च्या खाली. लघवीतला संसर्ग रक्तात गेलाय, सेप्टिक शॉक, असं सांगितलं. कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ई. कोलाय नावाचा जंतू आलाय.

पहिल्या रात्री नॉरॲड्रेनलिन आणि व्हॅसोप्रेसिन (दोन्ही बीपी वाढवायला), मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक, स्टेरॉइड, झोपेचं इंजेक्शन, व्हेंटिलेटर, सगळं एकदम सुरू झालं. आज सहावा दिवस. व्हॅसोप्रेसिन बंद. नॉरॲडच्या पंपावर १२ होतं ते आता ३ दिसतंय. मेरोपेनेम काढून सेफ्ट्रिॲक्झोन हे साधं अँटिबायोटिक लावलंय, आणि एकूण सात दिवस झाले की तेही थांबवू म्हणतात. झोपेचं औषध बदललंय. बाबा डोळे उघडतात पण ओळखत नाहीत, नळी ओढतात म्हणून हात बांधलेत. नखांत अजून चिखल आहे. ते बघून आई बाहेर येऊन नुसती बसून राहते.

निपाणीचे मामा म्हणतात, औषधं काढतायत म्हणजे आशा सोडली, मिरजेला हलवूया. आत्याचं म्हणणं, व्हिटॅमिन सीचे मोठे डोस का देत नाहीत? डॉक्टर दोन मिनिटं बोलतात, फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, आईला फक्त मराठी वाचता येतं. उद्या ११ वाजता भेट आहे. काय विचारू? कृपया जाणकारांनी सांगा.

—

प्रतिसाद (आयसीयू नर्स, १४ वर्षं):
ताई, आधी मामांना थांबवा. नॉरॲड आणि व्हेंटिलेटर चालू असताना तीन-चार तासांचा प्रवास हीच मोठी जोखीम आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा रक्तातल्या संसर्गाला १४ दिवस अँटिबायोटिक ठरलेलंच असायचं. २०२४ साली बॅलन्स नावाचा अभ्यास आला: ७ देशांतली ७४ हॉस्पिटलं, ३६०८ रुग्ण, सात दिवस विरुद्ध चौदा. ९० दिवसांत दगावलेले अनुक्रमे १४.५ टक्के आणि १६.१ टक्के, म्हणजे सात दिवसवाले कुठं मागे पडले नाहीत. पण स्टॅफ ऑरियस या जंतूचा संसर्ग असलेले आणि आत पू साठलेले रुग्ण त्यात नव्हते. म्हणून उद्या पहिला प्रश्न हा: सोनोग्राफीत मूत्रमार्गात खडा, अडथळा किंवा पू दिसला का?

मेरोपेनेम काढणं चांगलं लक्षण आहे. कल्चरमध्ये साध्या औषधाला जंतू दाद देतो असं दिसलं की भारी औषध राखून ठेवतात. व्हिटॅमिन सी मागू नका. २०२२ च्या लोव्हिट अभ्यासात ते दिलेल्यांची अवस्था उलट वाईट निघाली.

पंपावरचा आकडा तासाला किती मिली औषध जातं त्याचा असतो. मधे औषध डबल स्ट्रेंग्थ केलं असेल तर आकडा आपोआप निम्मा होतो. म्हणून 'किलोमागे मिनिटाला किती मायक्रोग्रॅम' असं विचारा, आणि सरासरी बीपी ६५ च्या वर राहतोय का तेही.

ओळख न पटणं, नळी ओढणं, आजारपणातल्या अशा गोंधळाला डेलिरियम म्हणतात. मिडॅझोलाम या झोपेच्या औषधानं ते वाढू शकतं, म्हणून हल्ली डेक्समेडेटोमिडिनसारख्या औषधावर ठेवतात, माणूस हाकेला जागा होईल इतपतच झोप. यात घरच्यांचं काम मोठं आहे. चष्मा द्या. वार, गाव, कोण आलंय ते सांगा, आणि मराठीतच बोला. एरवी कन्नड कळत असलं तरी या अवस्थेत घरची भाषा जवळची वाटते. हात सोडायची वेळ ठरवून घ्या, तेवढा वेळ आईंना जवळ बसू देतील का विचारा.

—

धागाकर्ती:
सिस्टर, खूप आभार. सगळं कागदावर लिहून नेलं. खडा नाही, पू नाही. स्ट्रेंग्थ बदललेली नाही, नॉरॲड ०.०५ वर आलंय, संध्याकाळी बंद करून बघणार. आईला अर्धा तास आत सोडलं, उजवा हात मोकळा केला. चष्मा लावून ती म्हणाली, 'मंगळवार गेला, आज बुधवार. लावण झाली, वरचा वाफा पण झाला.' बाबांनी तिचं बोट धरलं आणि सोडेचनात.

नळी उद्या काढायचा विचार आहे. त्यानंतर गिळायला त्रास होतो का, पेज कधी देता येते, तेवढं कुणी सांगाल का?