मेळ्यांच्या कॅसेट, चोपड्या, तबकड्या : जपायला सुरुवात कुठून करावी?

साखरपेठकर

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या मंडळाच्या कार्यालयात पत्र्याखालच्या माळ्यावर दोन ट्रंका आहेत. आत अंदाजे २०० कॅसेट (सी-६० आणि सी-९०), ९ स्पूल (मोठ्या चकत्यांवरच्या उघड्या फिती), तीसेक जुन्या तबकड्या आणि मेळ्यांच्या गाण्यांच्या छापील चोपड्या. गणपतीतले मेळे (पदं म्हणणारे गट), भीमजयंतीचे जलसे, भजनं, थोडं कन्नड, शहराच्या पूर्व भागातलं बरंचसं तेलुगू. लेबलं निम्म्यांवरच, तीही "मेळा २, चांगली" असली. दोन पोरं रोज संध्याकाळी बसायला तयार आहेत. यूएसबीवाला छोटा कॅसेट प्लेयर आणायचा, सगळं एमपीथ्री करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं, असं बहुमत आहे. बरोबर आहे का? सुरुवात कशी करावी?

फीत_आणि_पेचकस

तो प्लेयर आणू नका. त्यात वेग डुगडुगतो, हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळवायला जागा नसते आणि आवाज आधीच दाबून येतो. चांगल्या स्थितीतला जुना दोन मोटरचा डेक शोधा, रबरी पट्टे नवे टाकून घ्या आणि लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीला) जोडा.

त्याआधी ट्रंका माळ्यावरून खाली घ्या, आजच. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशी तशी कमी लागते, पण मे महिन्यात पत्र्याखाली भट्टी होते. उन्हाने कॅसेटचं कवच वाकतं, फितीच्या टोकाची पांढरी पट्टी सुटते आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं पुसट ऐकू येतं, ते यामुळे. खालच्या मजल्यावर, भिंतीपासून जरा लांब, कॅसेट उभ्या लावा. शेजारी स्पीकर किंवा मोटर नको.

कॅसेट थेट प्लेला लावू नका. आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या, म्हणजे वेढे सैल होतात. शेवटचे काही वेढे पेन्सिलीने हाताने फिरवा. मशीन टोकाला जोरात हिसका देतं आणि सुकलेली पट्टी तिथेच तुटते. आवाज अगदी गुदमरलेला आला तर खिडकीतून आत बघा : तांब्याच्या पातळ पत्तीवरचा नमद्याचा तुकडा गळून पडलेला असतो, त्यामुळे फीत हेडला टेकतच नाही. पाच स्क्रूंची नवी रिकामी कॅसेट घ्या आणि दोन्ही चकत्या तिच्यात हलवा. जुनं कवच चिकटवलेलं असेल तर जोडावर ब्लेड फिरवून उघडायचं. जुनं लेबल फेकायचं नाही.

हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवावा लागतो, कारण प्रत्येक टेपरेकॉर्डरने आपापल्या कोनात भरलेलं असतं. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका. टाळ किंवा घुंगरू सगळ्यात खणखणीत येतील तिथे थांबा. हे एक मिनिटाचं काम लोक टाळतात आणि मग संगणकावर तासन्‌तास "आवाज साफ" करत बसतात. हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारी धातूची बारीक दांडी) दर दोन-तीन कॅसेटनंतर ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. रबरी रोलरला ते वारंवार लावू नका, रबर कडक होतं. ओलं फडकं पुरे.

भरताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. रेकॉर्डिंग मोनो असलं तरी स्टिरिओच भरा : फितीवरचे डाग दोन्ही बाजूंना सारखे नसतात, चांगली बाजू नंतर निवडता येते. पातळी हलगी वाजते तिथे ठरवा, निवेदनावर नाही. सगळ्यात मोठा ठोका -६ डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे. या मापाने तासाला साधारण २ जीबी होतात. तुमचे २०० नग सरासरी सव्वा तासाचे धरले तर २५० तास, म्हणजे ५०० जीबीच्या थोडं वर. एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, त्यातली एक दुसऱ्या पेठेतल्या घरी ठेवा. तिसरी प्रत क्लाउडवर किंवा एखाद्या संस्थेत. फाइल बनल्याबरोबर तिचा चेकसम (फाइलवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा) काढून यादीत लिहा, पुढे कॉपी करताना फाइल बिघडली तर तेवढ्यावरून कळतं. आणि मूळ फाइलवर नॉइज रिडक्शन, कापाकापी काही नाही. जे काय करायचं ते एमपीथ्री प्रतीवर.

तबकड्या ७८ आरपीएमच्या असतील तर त्या लाखेच्या असतात, स्पिरिट लावलंत की विरघळल्या. डिस्टिल्ड पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश. एलपीची सुई चालत नाही, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते. चावीच्या ग्रामोफोनवर "एकदा ऐकून बघू" म्हणून लावू नका, पोलादी सुई खाच खरवडते.

स्पूलला हात लावू नका. फक्त उजेडासमोर धरून बघा. गुंडाळीतून उजेड दिसला तर ॲसिटेट फीत. व्हिनेगरचा वास येत असेल तर ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि पहिली तीच जाणकाराकडे द्या.

चोपडीबहाद्दर

वरचं सगळं बरोबर, पण क्रम उलटा हवा. आधी माणसं, मग फीत. ऐंशीच्या घरातल्या पेटीवाल्याला आवाजावरून साथीदाराचं नाव सांगता येतं, ते तुम्हाला कुठल्याच डिस्कवर सापडणार नाही. म्हणून प्रत्येक कॅसेटची आधी फक्त पाच मिनिटांची साधी प्रत मोबाइलवर काढा, जुन्या मंडळींसमोर ऐकवा आणि ते काय बोलतात तेही रेकॉर्ड करा. सगळे एकदम बसवू नका, जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं ठरतं.

यादी साधी ठेवा. क्रमांक (सोप-क-००१-अ, सोप-क-००१-ब; अ आणि ब म्हणजे कॅसेटच्या दोन बाजू), गायक, कवी, पेटी, ढोलकी/हलगी/संबळ, मंडळ, जागा, वर्ष, भाषा. शेवटी एक रकाना सक्तीचा : "हे कोणी सांगितलं." दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहायची, मिटवामिटवी करायची नाही. क्रमांक कवचावर मऊ पेन्सिलीने किंवा कागदी चिठ्ठीवर घाला. स्केचपेन नको, सेलोटेप तर मुळीच नको.

वर्ष शोधायला चोपड्या फार कामाच्या. मेळ्याच्या पदाच्या डोक्यावर "चाल : ..." छापलेलं असतं, बहुतेक सिनेमातल्या गाण्याचं. 'पिंजरा' १९७२चा, म्हणजे त्यातली चाल लावलेलं पद त्याआधीचं असूच शकत नाही. ही झाली सगळ्यात आधीची हद्द. तशीच हद्द पदातल्या बातमीवरूनही मिळते : बहात्तरचा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप. मग त्या वर्षांच्या गणपतीतले 'संचार' आणि 'सोलापूर समाचार' या वर्तमानपत्रांचे अंक चाळा, कार्यक्रमांच्या छोट्या बातम्या मिळतात. हिराचंद नेमचंद वाचनालयात काय फायली आहेत ते विचारा.

आणि गाण्यांच्या मधलं बोलणं कापू नका! "अमुक किराणावाल्यांकडून ११ रुपये बक्षीस" ही घोषणा म्हणजे गल्ली, दुकान, माणूस आणि काळ एकाच वाक्यात. संशोधकाला पदापेक्षा तेच जास्त लागतं.

चोपड्या ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन करा, मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि छापखान्याच्या नावासकट. गंजलेल्या पिना सपाट सुरीने उचलून काढा. लॅमिनेशन म्हणजे कागदाची कायमची वाट.

साखरपेठकर

फार उपयोगी, आभार. ट्रंका खाली आणल्या. एका कॅसेटचा प्रश्न : सुरुवात नीट वाजते, पण शेवटाकडे सुराची पट्टी चढत जाते, गाणाऱ्याचा आवाज चिरका होतो. डेक बिघडला का?

फीत_आणि_पेचकस

दुसरी एखादी विकतची कॅसेट लावा. ती शेवटपर्यंत सरळ वाजली तर डेक ठीक आहे. मेळ्यात टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरत गेले की भरताना फीत हळू फिरते, आणि तीच आज बरोबर वेगाने लावली की आवाज वर चढतो. वेगात ६ टक्के फरक पडला की अर्धा सूर. पेटीची पट्टी सुरुवातीला कुठली आहे ते ओळखा, तेवढ्या आधाराने ऐकायच्या प्रतीत टप्प्याटप्प्याने वेग उतरवा. मूळ फाइल आहे तशीच राहू द्या की ओ.

अशोक_चौक

तेलुगूबद्दल. मार्कंडेय रथोत्सवातली भजनं आणि पद्मशाली (तेलुगू विणकर समाज) लग्नातली गाणी मराठी लिपीत उतरवून घेतली की दीर्घ आणि ऱ्हस्व ए, ओ एकच होऊन बसतात, गाणारी बाई वाचून हसेल. तेलुगू लिपीत एकदा आणि देवनागरीत एकदा, असं दोनदा लिहा. इथली तेलुगू आंध्र-तेलंगणातल्या पुस्तकी भाषेसारखी नाही, तेव्हा शब्द "सुधारू" नका. अक्कलकोटकडच्या कन्नड भजनांनाही हेच लागू. भाषेच्या रकान्यात "मिश्र" लिहायची पळवाट ठेवू नका. एका पदात तीन भाषा असतील तर तिन्ही लिहा.

कायद्याचं_बोला

यूट्यूबची घाई नको. सिनेमाच्या चालीवरचं पद टाकलंत की संगीत कंपनीचा दावा येऊ शकतो, शब्द तुमच्या कवीचे असले तरी. आपल्या कायद्यात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं, कवी आणि संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, गायक-वादकांचा कार्यक्रमापासून ५० वर्षं. म्हणजे १९६०ची तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून मोकळी असली, तरी तिच्यातलं गाणं मोकळं असेलच असं नाही.

मंडळाचं लेटरहेड घेऊन एक पानी संमतीपत्र करा, मराठीत आणि तेलुगूत. तीन वेगवेगळ्या चौकटी : फक्त जतन, वाचनालयात बसून ऐकणं, इंटरनेटवर टाकणं. गायक हयात नसेल तर वारसाची सही. सवाल-जवाबात एकमेकांच्या घरांवर, जातींवर झालेली टोलेबाजी असते, ती पहिल्या चौकटीतच राहू द्या. लावणीवाल्या बायकांच्या रेकॉर्डिंगला त्यांच्या किंवा घरच्यांच्या परवानगीशिवाय नावं जोडून बाहेर काढू नका, काही घरांना ते आज नको असतं.

तिसरी प्रत ठेवायला गुरुग्रामचं आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी विचारात घ्या, १९८२पासून हेच काम करतात आणि कोणी काय ऐकायचं याच्या अटी देणाऱ्याशी ठरवून घेतात. तबकड्यांसाठी मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. त्यांना लिहिताना लेबलाचा फोटो आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाचा कंपनीचा क्रमांक) पाठवा. नुसतं "जुनी लावणी आहे" म्हणून कळवलंत तर कोणालाच काही सांगता येणार नाही.