उबुंटूवर फॅक्स मोडेम दिसतच नाही, मदत हवी

म्हापसा:
काकांच्या वकिलीच्या ऑफिसात अजून फॅक्स लागतो, त्यांच्या जुन्या पीसीवर मी उबुंटू टाकलं आणि यूएसबीचा फॅक्स मोडेम लावला, लाइट लागते पण फॅक्सच्या प्रोग्रामात पोर्टच येत नाही. आतलं पीसीआय कार्डही आहे, तेही गप्प. चवथीआधी चालू करून द्यायचंय, कुणी सांगेल का?

फोंडा:
आतलं कार्ड सोडून दे. ती बहुतेक विनमोडेम असतात, म्हणजे सिग्नलचं बरंचसं काम ड्रायव्हर करतो आणि लिनक्ससाठी तो मिळणं कठीण. यूएसबीवाला काढून परत लाव आणि लगेच टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज (सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, संदेश दाखवणारी कमांड) मार, शेवटी टीटीवायएसीएम० (मोडेमच्या पोर्टचं नाव) दिसलं तर कर्नेलने ओळखलाय, मग भानगड परमिशनची. स्वतःला डायलआउट ग्रुपात (मोडेमचा पोर्ट वापरायची परवानगी असलेला ग्रुप) घाल आणि लॉगआउट करून परत ये, हे लॉगआउटचं लोक हमखास विसरतात.

मडगाव:
मोडेममॅनेजरपण (मोडेम आपोआप हाताळणारी सेवा) बंद कर रे, तो पोर्ट धरून बसतो, माझे दोन दिवस त्यातच गेले. मग मिनिकॉममध्ये (मोडेमशी थेट बोलायचा प्रोग्राम) एटी ही मोडेमची कमांड टाइप कर, ओके आलं पाहिजे. पुढे एटी+एफक्लास=? विचार, म्हणजे मोडेमला फॅक्स जमतो का ते कळेल, उत्तरात १ किंवा २ असेल तरच फॅक्स जाईल, नुसता ० म्हणजे फक्त डेटा.

म्हापसा:
देव बरें करूं दोघांचं! डायलआउटमध्येच नव्हतो. एफक्लासला ०,१,२ आलं, ईफॅक्सने (फॅक्स पाठवायचा प्रोग्राम) पहिलं पान गेलं, पण पावसात लाइन खरखरतेय, दुसरं अर्ध्यावर तुटलं.

फोंडा:
स्पीड १४४०० वरून ९६०० बिट प्रति सेकंदावर आण आणि परत पाठव.