चिपटं, मापटं, पायली : नेमकं किती?

कळण्याच्या भाकरीसाठी दळण टाकायचंय. सासूबाई यावलच्या. त्यांच्या वहीत आहे : 'ज्वारी पायली, उडीद शेर, खडेमीठ मूठभर.' शेर म्हणजे किलोच ना? मग पायली किती? मोजायला घरात 240 मिलिलिटरचा कप आहे. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "हातले समजस." माझ्या हाताला नाही समजत!

— धुळ्याची सून

किलो धरू नका. शेर दोन होते. वजनी शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. किलोच्या इतका जवळ, म्हणून घोळ होतो. वहीतला शेर मापाचा, म्हणजे कैली. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, आणि चार शेरांची पायली. पायली गावागणिक लहानमोठी असायची, पण तिचे शेर चारच. म्हणजे तुमचं प्रमाण चारास एक. चार कप ज्वारी, एक कप उडीद. लिटरचा हिशोब कशाला? फक्त दाणे मापा, पीठ नको. वाटीभर ज्वारी आणि वाटीभर पीठ वजनात सारखं भरत नाही.

— जळगावकर

गंमत बघा, पायलीत चिपटी 16 आणि 240 च्या कपात टेबलस्पूनही 16 (15 मिलीचा एक, टीस्पून 5 मिलीचा, ते 48). काही पाककृतींत कप 250 चा असतो. भाकरीला चालून जातं, केकला जपा.

— चहाबाज

सगळे शीग विसरले! माप काठाशी हाताने सपाट केलं तर एक, वर निमुळता ढीग राहू दिला तर दुसरंच. त्या ढिगाच्या टोकाला शीग म्हणतात. राग शिगेला पोहोचतो तो इथूनच. आमच्या खळ्यावर आजोबा पायली शिगोशीग भरायचे. पहिल्या पायलीला 'एक' नाही, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन... मजुराला द्यायची पायलीही शिगेचीच असायची. व्यापाऱ्याचा हात मात्र काठावरून फिरायचा.

— अमळनेरचा

माळ्यावर पितळी मापटं सापडलं, एका बाजूने चेपलेलं. कपाने पाणी ओतून पाहिलं, दोन कपांना जरा कमी. आठ मापट्यांची पायली, म्हणजे आमची पावणेचार लिटरच्या आसपास. शिगेचं वाचून सासूबाईंना पुन्हा फोन केला. म्हणाल्या, "ज्वारी सपाट, उडीद शीग लावून. एवढं लिहायला लागतं का?"

आता हे चारास एक राहिलं का, जळगावकर?

— धुळ्याची सून

नाही राहिलं. उडदाचा कप शिगेने भरा आणि दळण टाका.

— जळगावकर