लॉकडाउनचा छोट्या कारखान्यांवरचा परिणाम: रेड आणि ऑरेंज झोनची तुलना टिकेल का?

प्रबंध_चालू
पीएचडीचा आराखडा पक्का करतो आहे. विषय: २०२०च्या लॉकडाउनचा पश्चिम महाराष्ट्रातल्या वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यांवर झालेला परिणाम. ३० एप्रिल २०२०च्या केंद्राच्या यादीत पुणे, सातारा, सोलापूर रेडमध्ये (कडक निर्बंध) होते, सांगली-कोल्हापूर ऑरेंजमध्ये (थोडे सैल). प्रोवेसमधून (कंपन्यांच्या आर्थिक आकड्यांचा डेटाबेस) २०१८ ते २०२२चे वार्षिक ताळेबंद घेऊन दोन्ही गटांवर डिफरन्स-इन-डिफरन्सेस, म्हणजे दोन गटांतल्या आधी-नंतरच्या बदलांची तुलना, लावायचा बेत आहे. जोडीला १५० कारखान्यांची फोनवरून पाहणी. कुठे फसायला होईल?

आकडेमोड
आधी तारखा मांडून बघा. झोननुसार वेगळे नियम लागू झाले ४ मेपासून, आणि १७ मेनंतर झोन ठरवायचं काम राज्यांकडे गेलं. म्हणजे केंद्राच्या यादीवर उभा असलेला फरक जेमतेम दोन आठवड्यांचा. बावन्न आठवड्यांच्या ताळेबंदात तो दिसायचा कसा? तिमाही निकाल घेतलेत तरी तेरातले दोनच आठवडे, आणि छोटे कारखाने तिमाही निकाल देतच नाहीत.

शिवाय रेडमध्येही सगळं बंद नव्हतं. शहरी भागात येण्याजाण्यावर नियंत्रण असलेल्या औद्योगिक वसाहतींना परवानगी होती, ग्रामीण भागात कारखान्यांना सरसकट होती. शिरवळ सातारा जिल्ह्यात, म्हणून कागदावर रेड. पण तिथल्या कारखान्याचं गेट खरंच बंद होतं का, हे जिल्ह्याच्या रंगावरून कळत नाही. प्रोवेसमधला पत्ताही बहुतेकदा नोंदणीकृत कार्यालयाचा असतो. कार्यालय मुंबईत आणि शेड चाकणला, असं असलेल्या कंपन्या हाताने वेगळ्या काढाव्या लागतील.

पाच जिल्हे म्हणजे पाचच क्लस्टर (एकत्र हलणाऱ्या कारखान्यांचे गट), हेही लक्षात घ्या. वाइल्ड बूटस्ट्रॅप, म्हणजे प्रत्येक क्लस्टरच्या चुकांना यादृच्छिकपणे अधिक-उणे चिन्ह (रॅडेमाखर वजन) देऊन केलेली चाचणी, केलात तर चिन्हांच्या एकूण ३२च जुळण्या होतात. त्यावर पी-व्हॅल्यूचा (निकाल निव्वळ योगायोग असण्याच्या शक्यतेचा) दावा करता येणार नाही.

सुटा_भाग
त्याहून मोठी अडचण पुरवठा साखळीची आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचं (ओतकाम कारखान्याचं) कास्टिंग पुण्याच्या मशीन शॉपमार्गे वाहन कंपनीच्या लाइनवर जातं. लाइन थांबली की फाउंड्री ऑरेंजमध्ये असून उपयोग काय? भट्टी पेटवायची परवानगी आहे, पण ग्राहकाकडून येणारं मागणीचं शेड्यूल शून्य. तुमचा तुलनेचा गटच मार खाल्लेला, मग फरक खोटाच लहान दिसणार आणि तुम्ही लिहिणार की लॉकडाउनचा परिणाम किरकोळ होता.

म्हणून झोन सोडा. मार्च २०२०पूर्वी प्रत्येक कारखान्याच्या विक्रीतला किती हिस्सा एकाच ग्राहकाकडे जात होता, ते मोजा. ट्रॅक्टरचे भाग करणारा आणि प्रवासी गाड्यांचे करणारा यांची सावरण्याची गतीही वेगळी होती. हे आकडे विक्रीच्या रजिस्टरमध्ये ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकासह असतात. २०१९-२०चे बारा महिने मागा.

आणि वाहन क्षेत्रात १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे धूर-प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, हे विसरू नका. त्याआधी बीएस-४ गाड्यांचं उत्पादन आवरतं घेतलं जात होतं, २०१९ची मंदी वेगळीच. त्यामुळे जानेवारी-मार्च २०२० हा आधार धरू नका. एप्रिल २०१९मध्ये खोटा लॉकडाउन कल्पून तीच गणितं चालवा. तिथेही परिणाम दिसला, तर तुम्ही मोजताय ते महामारीचं नाही.

प्रबंध_चालू
हे फार उपयोगी आहे, आभार. मग महिनावार आकडे कुठून आणू? जीएसटी विवरणपत्रं आणि विजेची बिलं चालतील का? उद्यम नोंदणीवरून (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) किती कारखाने बंद पडले ते काढता येईल का?

मोजपट्टी
तिन्ही वापरता येतात, पण महामारीने उद्योगांसोबत मोजमापाची यंत्रणाही विस्कटली. एप्रिल २०२०चं देशाचं जीएसटी संकलन ३२,१७२ कोटी आणि जूनचं ९०,९१७ कोटी. ही सगळी उभारी धंद्याची नाही. विवरणपत्रांच्या मुदती वाढवल्या होत्या, मागच्या महिन्यांचा भरणाही जूनमध्ये आला. त्यामुळे भरण्याची तारीख न घेता विवरणपत्रावरचा करकालावधी (ते ज्या महिन्याच्या विक्रीचं आहे तो महिना) घ्या.

विजेचंही तेच. एप्रिल-मेमध्ये लघुदाब (कमी व्होल्टेजची जोडणी असलेल्या) ग्राहकांचं मीटर वाचन थांबलं होतं, सरासरीवर बिलं निघाली आणि जूनच्या बिलात साठलेली युनिटं एकदम आली. बिलावर आधीचं आणि चालू वाचन छापलेलं असतं, ते टिपा. दोन खऱ्या वाचनांमधली युनिटं दिवसांनी भागा, रकमेकडे बघू नका.

उद्यमवरून बंद कारखाने मोजू नका. १ जुलै २०२०पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्याच बदलली: तेव्हा गुंतवणूक १ कोटीपर्यंत आणि उलाढाल ५ कोटींपर्यंत ठरली. आधीच्या नोंदणीशी तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या याद्या जोडणं. दिवाळखोरीच्या अर्जांचंही तसंच आहे. २५ मार्च २०२०पासून वर्षभरातल्या थकबाकीवर नवे अर्ज दाखल करायलाच बंदी होती आणि थकबाकीची मर्यादा १ लाखावरून १ कोटी झाली होती. अर्ज कमी झाले म्हणून उद्योग तगले, असा निष्कर्ष काढलेले प्रबंध बघून वाईट वाटतं.

हजेरीपट
पाहणीबद्दल. यादी आजची घेऊ नका, मार्च २०२०पूर्वीची मिळवा. औद्योगिक संघटनांच्या जुन्या सभासद डायऱ्या यासाठी सोन्यासारख्या. आजच्या यादीत तगलेलेच असतात. फोन लागला नाही तर ‘प्रतिसाद नाही’ लिहून पुढे जाऊ नका. प्लॉटवर जाऊन पाच कोडांपैकी एक टाका: चालू, बंद, विकला, भाड्याने दिला, दुसरा धंदा सुरू.

‘परिणाम किती झाला?’ असं विचारलंत तर प्रत्येक जण ‘फार’ म्हणतो. त्याऐवजी कागद समोर ठेवून विचारा: मे २०२०च्या हजेरीपटावर किती नावं, किती दिवस शिफ्ट चालली, मार्चच्या बिलांचे पैसे कितव्या दिवशी आले, सरकारी हमीवरचं आपत्कालीन कर्ज घेतलं का. शेवटचा प्रश्न वगळू नका. ते कर्ज २९ फेब्रुवारी २०२०च्या थकीत कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत मिळायचं, म्हणजे ज्याच्यावर आधीपासून बँकेचं कर्ज होतं त्यालाच. रोखीने चालणारा कारखाना त्यातून बाहेर राहिला, आणि तुमच्या दोन गटांत तो समप्रमाणात नसणार.

१५० पुरी उत्तरं हवी असतील तर निदान ३०० प्लॉटांची यादी घेऊन निघा.