झाडीपट्टीसाठी जेल फोडायचं नाटक: भिंत ओलांडल्यावर पात्रांचं काय करायचं?

धानाची_बांधी
झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या (गावजत्रांच्या) हंगामासाठी तीन अंकी नाटक लिहितो आहे. सांगाडा 'प्रिझन ब्रेक' या अमेरिकी मालिकेवरून सुचला, पण नक्कल नको. सात पात्रं: फाशीची शिक्षा झालेला निर्दोष मोठा भाऊ, त्याच्यासाठी मुद्दाम आत आलेला धाकटा, बराकीतला सोबती, म्हातारा कैदी, एक नीच माणूस, हवालदार आणि डॉक्टरीण. भिंतीपर्यंत सगळे आपापल्या जागी छान उभे राहतात. तिसऱ्या अंकात भिंत ओलांडली की सगळे सारखेच धावतात, कोणीच बदलत नाही. रात्री दोनला प्रेक्षकानं चादर डोक्यावर ओढली की संपलं. काय करावं?

तिसरी_घंटा
घोळ पहिल्याच अंकात आहे जी. सातही जणांना तुम्ही एकच कारण दिलंय, बाहेर पडायचं. ते मिळालं की पात्र रिकामं.

मालिकेचा पहिला सीझन बघा (२००५, २२ भाग). कोठडीतला सोबती सुक्रे, त्याच्या शिक्षेचे फक्त १६ महिने उरलेत, म्हणून पळायला त्याचा साफ नकार. त्याची प्रेयसी मारिक्रूझ दुसऱ्याशी लग्न करते आहे हे कळल्यावर तोच भिंतीला हात घालतो. म्हाताऱ्या वेस्टमोरलंडला बाहेरचं काही नको असतं. मुलगी मरणाला टेकली म्हटल्यावर तो तयार होतो आणि पळायच्या रात्रीच जखमेनं जातो. सी-नोट नावाच्या कैद्याच्या बायकोला वाटतं नवरा इराकमध्ये आहे. त्याला जेलपेक्षा ते खोटं उघडं पडायची धास्ती, आणि ही धास्ती भिंतीपलीकडेही त्याच्यासोबत जाते.

प्रत्येक पात्रापुढे दोन ओळी लिहा: नाही पळाला तर काय जाईल, आणि पळाला तर काय जाईल. दुसरी ओळ कोरी राहिली ते पात्र तिसऱ्या अंकात नुसतं धावणार.

दुसरं म्हणजे एक प्रयत्न फसू द्या. तेराव्या भागात सगळे खालून दवाखान्यापर्यंत पोचतात, तर गंजवून ठेवलेल्या पाइपाच्या जागी नवा जाड पाइप बसवलेला! आल्या पावली परत. खरं निसटणं एकविसाव्या भागात. मधल्या भागांत माणसं खरी उघडी पडतात. तुमच्या दुसऱ्या अंकाचा पडदा या फसण्यावर पाडा. शेवटची धावाधाव पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको.

बराक_नं_चार
वरचं पटलं, पण आपल्याकडची जेल तशी नाही. मालिकेतल्या फॉक्स रिव्हर जेलात कोठडीत दोघेच, एकाला पटवलं की भागलं. इथं बराकीत एका छताखाली कितीतरी जण झोपतात. संध्याकाळी गिनती, मग बंदी. रात्री कोण उठला हे शेजारच्या दहा जणांना कळतं. लपवणं अशक्य, म्हणून प्रत्येकाच्या गप्प बसण्याची किंमत मोजावी लागते. नाटकाला हे फायद्याचंच.

फाशीचा कैदी मात्र बराकीत ठेवू नका. तो वेगळ्या यार्डात असतो. दोघं भाऊ रोज गप्पा मारताना दाखवले तर पहिल्या रांगेतला म्हाताराच हसेल.

सुक्रेचे १६ महिने इथं आणायचे तर मोर्शीचं खुलं कारागृह वापरा. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला तिथं पाठवतात, शेतीचं काम असतं, उंच भिंत नाही. सोबत्याचं नाव मोर्शीच्या यादीत आलंय असं करा. त्याला पळायची गरजच नाही. सापडला तर मोर्शीही गेली आणि साठलेली माफीही (शिक्षेतली सूट) गेली. आता त्याचा होकार महाग झाला.

बोगदा काढून टाका. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून २०१५ मध्ये पाच जण गज कापून पळाले होते. आपल्या प्रेक्षकाला गज लवकर पटतो. मंचावरही सोपं: बराकीत भजन सुरू, आणि तबल्याच्या मात्रेवर कानस घासायची. एकदा भजन अचानक थांबवा. कानस एक घास जास्त मारते. हवालदार मान वळवतो. इथं संवाद लिहायचा मोह आवरा.

पाटाची_बैलजोडी
नीच माणसाला शेवटी सुधरवायचाच ना भाऊ? बायामाणसं रडली पाहिजेत.

तिसरी_घंटा
त्याला नका सुधरवू. मालिकेतला नीच माणूस टी-बॅग, त्याला घर हवं असतं, कुटुंब हवं असतं, पण ते तो हिसकावूनच मागतो. म्हणून चौथ्या सीझनच्या शेवटी परत फॉक्स रिव्हरमध्येच. सुधारणेचं सोंग मात्र कोणाला तरी द्या. माफिया टोळीचा अब्रुझी गळा चिरला जाऊन वाचतो आणि देवभक्त होऊन परततो, सगळ्यांना खरं वाटतं. मग टी-बॅग स्वतःला धाकट्या भावाशी, मायकलशी, बेडीनं जखडून किल्ली गिळतो, आणि अब्रुझीच्या कुऱ्हाडीनं टी-बॅगचा पंजा तुटतो. भक्ती कुठपर्यंत मुरली होती ते एका घावात कळतं.

रडवायचंय तर हवालदार घ्या. मालिकेतला जेलरक्षक बेलिक कॅप्टनचा बडतर्फ होतो, बक्षिसाच्या मागे लागतो, त्याच जेलात कैदी होतो, मग पनामातल्या सोना नावाच्या जेलात अर्धानागडा. प्रत्येक पायरीला अंगावरचं काहीतरी जातं. चौथ्या सीझनमध्ये पाण्याच्या मोठ्या पाइपात एक नळी आडवी बसवायची असते. ती आतून उचलून धरायला तो उतरतो, नळी बसते, आणि तो आतच बुडतो. तुम्ही टोपी, पट्टा, शिट्टी या क्रमानं काढत न्या. शिट्टी शेवटी.

(धाकट्या भावाची एक खोट सांगून ठेवतो. मायकलच्या अंगावरचा, जेलचा नकाशा लपवलेला टॅटू चौथ्या सीझनच्या सुरुवातीला पुसला, आणि तिथून लेखकांचीही वाट चुकल्यासारखी वाटते. तुमच्या धाकट्याचा नकाशा दुसऱ्या अंकातच संपवा. पुढं त्याला अंदाजानं चालू द्या, चुकू द्या.)

धानाची_बांधी
मोर्शी आणि कानस घेतलंच समजा. डॉक्टरीण अजून लटकते आहे. गाणी तिलाच आहेत.

बराक_नं_चार
मालिकेतली डॉक्टरीण सारा दवाखान्याचं दार उघडं ठेवते, पण आधी मायकल तिला स्पष्ट विचारतो आणि ती नाही म्हणते. तो नकार गाळू नका. मंचावर दार उजव्या विंगेत ठेवा, कडी आतून. ती गाणं संपवून निघते, कडी लावते, दोन पावलं जाते. प्रकाश फक्त कडीवर. ती परत येते, कडी काढते आणि डाव्या विंगेतून निघून जाते. प्रेमाची कबुली या प्रवेशात नको. पुढच्या प्रवेशात तिची चौकशी लावा, आणि दुसरं गाणं त्या चौकशीनंतर.