साठीनंतर सायकल शिकायची आहे, नागपुरात कुठे आणि कशी?

पहिलंच_चाक
वय 62, उंची पाच फूट एक इंच. सायकल कधीच चालवलेली नाही, स्कूटीही नाही. दुकानदार म्हणतो, मागे दोन छोटी चाकं लावा नाहीतर तीनचाकी घ्या. गुडघे ठीक आहेत, बीपीची गोळी सुरू आहे. त्रिमूर्तीनगरात राहते. कुठून सुरुवात करू? किती दिवस धरायचे?

मोकळी_चेन
ताई, छोटी चाकं लावू नका. ज्या बाजूला सायकल कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की चाकं पुन्हा आपल्या खाली येतात, तोल म्हणजे एवढंच. छोटी चाकं सायकलला कलूच देत नाहीत, मग जे शिकायचं तेच राहून जातं.

लेडीज फ्रेमची सायकल घ्या, तुमच्या उंचीला 24 इंची चाक पुरे. गियर नकोत. आधी दोन्ही पेडल काढून टाका. 15 मिमीचा पाना लावून उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंचे पेडल असेच सुटतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सवयीने नेहमीसारखं फिरवलं तर ते आणखी आवळतं, आणि मग लोक पान्याला पाईप लावून झोंबत बसतात. सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील.

आता सीटवर बसून नुसतं चाला. ते सहज जमलं की दोन्ही पायांनी रेटा देऊन पाय उचला, सायकल घरंगळू द्या. नजर पंधरा-वीस फूट पुढे. चाकाकडे पाहिलं की हँडल हलतं. ब्रेक याच वेळी अंगवळणी पाडा: आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तो एकटाच जोरात दाबू नका.

मोठ्या वयात सगळ्यांचं अडतं ते एकाच जागी. भीतीने वेग कमी ठेवतात आणि वेग कमी म्हणून सायकल जास्त डगमगते. भरभर चालण्यापेक्षा थोडा जास्त वेग हवाच. पाय वर ठेवून पाच-सहा सेकंद जाता आलं, हलकं वळणही घेता आलं, की पेडल परत बसवा. दोन-तीन आटे हाताने फिरवून मगच पाना लावा, नाहीतर आटे मरतात. निघताना उजवं पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी ठेवा, म्हणजे पहिल्याच दाबात वेग मिळतो.

रोज अर्धा तास, त्याहून जास्त नको. थकल्यावरच पडायला होतं. दोन-तीन आठवडे धरून चला.

फिजिओ_धंतोली
वरची पद्धत बरोबर आहे, पण त्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का, हाडांची घनता तपासायला हवी का, आणि बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येते का. पडताना माणूस तळहात टेकतो आणि मोडतं मनगट, म्हणून हेल्मेटबरोबर हातमोजेही घ्या.

चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर खाली पाहताना जमीन धूसर दिसते, खड्ड्याचा अंदाज चुकतो. फक्त लांबचा नंबर असलेला चष्मा घालून शिका. सायकलने मांड्या आणि दम सुधारतो, पण हाडांना शरीराचा भार मिळत नाही, तेव्हा रोजचं चालणं सोडू नका.

आरामात_बाप्पा
तीनचाकीला उगाच नावं ठेवून राहिले तुम्ही लोक. ज्याला चक्करचा त्रास आहे त्याच्यासाठी तीच बरी. फक्त दोन गोष्टी. वेगात वळली की आतलं चाक उचलते, म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा. आणि रुंदी जवळपास अडीच फूट असते, फाटक आधी मोजून घ्या जी!

पहिलंच_चाक
चक्कर नाही, तेव्हा दोनचाकीच. जागा कुठली धरू? घराजवळचं लॉन चालेल का?

मोकळी_चेन
लॉन नको. गवतात चाक ओढलं जातं, वेग येत नाही. मऊ म्हणून सगळे तिथेच जातात आणि कंटाळून सोडतात. मुरूम घट्ट बसलेलं ले-आउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीतलं, मैदान उत्तम, पण बाभळीचे काटे पाहून घ्या. रेशीमबाग, कस्तुरचंद पार्क मोठी आहेत, फक्त त्या दिवशी सभा किंवा प्रदर्शन नाही ना ते बघा. फुटाळ्याला संध्याकाळी गर्दी, सेमिनरी हिल्सला चढउतार, दोन्ही नंतरसाठी.

सिमेंट रोडवर आलात की दोन पट्ट्यांमधली फट आणि कडेचा उंचवटा जपा. त्याला समांतर जाऊ नका, चाक अडकतं. ओलांडायचंच तर शक्य तितकं काटकोनात.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत आटपा. खरं तर दिवाळीनंतर सुरू करा, घाई कसली? ओढणी गाठ मारून, सलवारीचा उजवा पाय क्लिपने बांधून, आणि चेन कव्हर असलेलीच सायकल.

फिजिओ_धंतोली
पेडल जमल्यावर सीट वाढवायला विसरू नका. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडाच वाकलेला हवा. शिकतानाच्या खालच्या सीटवर महिनाभर चालवलं तर गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं. एका वेळी अर्धा इंचच वाढवा, थांबल्यावर दोन्ही चवडे टेकले पाहिजेत.