मदत हवी आहे: 'मायक्रोमॅनेज'ला मराठीत नेमकं काय म्हणाल?

मंडळी, ऑफिसमधल्या सुपरवायझर लोकांसाठीची इंग्रजी पुस्तिका मराठीत करतेय. 'डोन्ट मायक्रोमॅनेज' या दोन शब्दांवर दोन दिवस गाडी अडलीय.

'सूक्ष्म व्यवस्थापन' लिहिलं, तर शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "हे ठिबक सिंचनाचं आहे का?" खरंय, सूक्ष्म म्हटलं की कौतुकच वाटतं, आणि मूळ शब्द तर तक्रारीचा. 'लुडबुड' जवळचा, पण लुडबुड करणाऱ्याचा त्या कामाशी संबंध नसतो. इथे साहेबाचा हक्कच असतो. 'बारीक लक्ष' हा तर गुणच झाला. 'मानगुटीवर बसणे' मस्त आहे, पण छापणार कसं?

अर्थ मला पुरेपूर ठाऊक आहे हो! काल दादरला गाडी बदलताना साहेबांचा फोन: "मेलमध्ये 'नमस्कार'नंतर स्वल्पविराम दिलास ना? पाठवायच्या आधी मला दाखव." काम माझ्यावर सोपवलेलं, पण सोडलेलं नाही. आमची आई याला सरळ 'सासुरवास' म्हणते. सून भाजी करतेय आणि सासू दर मिनिटाला झाकण उघडून बघतेय.

गंमत म्हणजे 'मॅनेज'चं मूळ लॅटिनमधल्या हात या अर्थाच्या 'मानुस'मध्ये आहे, आणि इंग्रजीत तो आधी घोडा हाताळण्यासाठी वापरत. म्हणजे लगाम सतत खेचत राहणं!

सध्या 'पदोपदी ढवळाढवळ करू नका' असं लिहिलंय. चालेल? क्रियापद म्हणून वापरता येईल असं याहून आटोपशीर काही सुचतंय का? शुक्रवारी मजकूर छपाईला जातोय.